मुलाखतीसाठी कोणाला बोलवावे आणि काय विचारावे
आपण दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान क्षेत्रातील व्यावसायिकांच्या मुलाखती प्रथमच योजत आहात, म्हणून आग्रहाने सुचवतो की पाहुणे केवळ पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमधील सॉफ्टवेअर अभियंत्यांमधून निवडू नयेत. आयटीआय करून सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र चालवणारा कारागीर, किंवा दहावीनंतर ३ वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवलेली नेटवर्क अभियंता, या मुलांना अधिक जवळचा मार्ग दाखवू शकतात. प्रश्न मुलांनीच लिहावेत. मात्र ‘यशाचे रहस्य काय?’ याऐवजी ‘काल दिवसभरात आपण काय केले, कुठे अडलात आणि कोणाला विचारले?’ असे विचारायला त्यांना शिकवावे, कारण कामाचे खरे स्वरूप अशा तपशिलातच उलगडते. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधीच घ्यावी आणि आभाराचे पत्र विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे.