कोल्हापुरात आईसाठी घरी मावशी ठेवताना काय बघावं?

तुम्ही पुण्यात, राजारामपुरीत आई-बाबा दोघंच, आईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, आणि मावशी ब्युरोकडून (म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) घ्यावी की ओळखीतली, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, तो प्रश्न दुसरा. आधी चोवीस तासांत काय काय करावं लागतं ते कागदावर लिहा.

अंग पुसणं, कमोडवर बसवणं, कूस बदलणं, भरवणं ही मावशीची कामं. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं ही एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेल्या सिस्टरची. त्यांचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. फक्त ड्रेसिंगसाठी पूर्ण वेळ सिस्टर ठेवू नका. दिवसभर मावशी आणि ड्रेसिंगपुरती सिस्टरची व्हिजिट, एवढं पुरतं.

रात्रीचा हिशेब बहुतेक चुकतो. आई रात्री तीन-चारदा उठत असतील तर एकाच मावशीला चोवीस तास ठेवून भागत नाही. चार-पाच दिवसांत तिची झोप तुटते, हाक ऐकू येत नाही, आई एकट्या उठायला जातात आणि पडतात. बाबांनी उचलायला जावं, हेही नको. बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या लावा.

मावशी ठरवण्याआधी तिला तुमच्यासमोर आईंना पलंगावरून कमोड खुर्चीवर बसवायला सांगा. अनुभव किती, हे विचारण्यापेक्षा यात जास्त कळतं. खुर्ची चांगल्या पायाच्या बाजूला लावली का? चाकांचे ब्रेक आधी लावले का? पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसवून चक्कर येते का ते विचारलं का? आधार कमरेला दिला का? हात किंवा काख धरून ओढणारी मावशी नको, खांदा दुखावतो. सांधा बदलला असेल तर मांडी घालणं, पाटावर बसणं, भारतीय संडास हे सर्जन बहुधा बंद करतात. काय चालेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

आई बराच वेळ पडून असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, एअर मॅट्रेस असली तरी. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात. तिथे चोळायचं नाही, हवेची रिंगही ठेवायची नाही. रिंगच्या कडेनं रक्तपुरवठा आणखी अडतो. पिंडरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. वीज गेली की एअर मॅट्रेसची हवा उतरते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या.

आता ब्युरो की ओळखीतली. ओळखीतली मावशी जीव लावते, पण तिची सुट्टी पडली की बदली कोण देणार? गौरी-गणपती, दिवाळी, जोतिबाची चैत्र यात्रा, या दिवसांत सुट्टी मागितली जाणारच, आणि तो तिचा हक्क आहे. शिवाय पंचगंगेला पूर आला की गावाकडचे रस्ते बंद होतात; २०१९ आणि २०२१ मध्ये तर महामार्गही बंद पडला होता. म्हणून पावसाळ्यात शक्यतो शहरातलीच, नदीपलीकडून येणारी नको. ब्युरो घेतलात तर बदली माणूस किती तासांत येईल, डिपॉझिट कधी परत मिळेल आणि ठरलेल्या पैशांतले मावशीच्या हातात किती पडतात, हे लेखी घ्या. तिला फार कमी मिळत असेल तर ती टिकत नाही. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी दोन्ही बाबतींत हवीच.

वही ठेवा: औषध, पाणी, लघवी, शौच, कूस बदलल्याची वेळ. रोज रात्री पानाचा फोटो मागवा. पहिले तीन दिवस रजा काढून स्वतः थांबा, त्यात एक रात्र जागून बघा. आणि मावशी घराबाहेर असताना आईंना फोन करून विचारा: अंग पुसताना दार लावते का, हाक मारली की येते का.