मागे कोण वाजवतंय?

प्रश्न : वडील गेल्यावर पोटमाळा आवरला. त्यांच्या तबकड्यांत चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही १९८२ सालची एचएमव्हीची एलपी निघाली. वडील तिला ‘फसलेली खरेदी’ म्हणायचे, भाचा म्हणतो विकून टाक, बक्कळ पैसे येतील. मला एवढंच सांगा, मागे बास आणि ताल कोणी वाजवलाय? वादकांची नावं कुठेच दिसत नाहीत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : वडिलांना नावं ठेवू नका. १९८३ साली मीही ती दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटं ऐकली होती. ‘हे काय भैरवाचं भरीत केलंय’ म्हणून हसलो आणि काउंटरवर परत ठेवली. तेव्हा मी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार शब्दांचं आहे : मागे कोणीच वाजवत नाहीये. चरणजित सिंग एकटे आणि रोलँड कंपनीची तीन यंत्रं. तालाला टीआर-८०८, बासला, म्हणजे खालच्या जाड स्वरांना, टीबी-३०३ आणि राग वाजवायला ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ही यंत्रं त्यांनी सिंगापूरहून आणली होती. नवी विद्या होती, शिकवणारं कोणी नव्हतं. घरी बसून ती एकमेकांशी जुळवली, मग स्टुडिओत जाऊन वाजवलं.

खरी गंमत पुढेच आहे. चरणजित हे स्वतः आयुष्यभर ‘मागचे’ होते. मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये बास गिटार वाजवणारे, आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले. आणि ३०३ हे यंत्र बाजारात आलं ते कशासाठी? एकट्या गिटारवाल्याला सरावाला बासवादक मिळत नसेल, तर त्याची जागा भरायला! म्हणजे ज्याच्या पोटावर पाय यायचा त्यानेच ते पदरचे पैसे मोजून घरी आणलं.

ही ३०३ हट्टी होती. त्यात स्वर आधी भरायचे आणि त्यांचा काळ नंतर, वेगळा. एका चालीला १६ घरं. १६ म्हटल्यावर त्रिताल आठवेल, पण इथली १६ घरं म्हणजे चारच ठोके, एकेकाचे चार तुकडे. मात्र तिच्यात एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जायची सोय होती. तिला मींड म्हटलं तर आमचे गुरुजी स्वर्गातून चप्पल फेकतील, पण हार्मोनियमला जे मुळीच जमत नाही ते या प्लास्टिकच्या डब्याला थोडंफार जमत होतं.

आणि राग या यंत्रावर का बसतो, हे मला साठी उलटल्यावर उमगलं. सिनेमातल्या डिस्कोला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, बदलत राहावे लागतात. रागाला ती गरज नाही, तो षड्ज धरून बसतो. तानपुरा तरी काय करतो? तेच ते, तासन् तास. ३०३ तेच करते, फक्त नाचत. तबकडीवरच्या दहांपैकी मला ललित सगळ्यात भावतो. दोन मध्यम एकमेकांना खेटून, पंचमाचा पत्ता नाही, आणि खाली तो बास गुरगुरतोय. भूपाळी मात्र ऐकून सोडून द्यावी, फार गोड झालीय.

वेळ चुकली म्हणावं तर तसंही नाही. ‘कुर्बानी’ १९८० चा, नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ १९८१ ची, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. डिस्कोचा पूर आला होता. पण शब्द नाहीत, गायिका नाही, तबलासुद्धा नाही, असली तबकडी ना लग्नात लावता येत होती ना बैठकीत. ती पडून राहिली. ३०३ चंही नशीब तसंच : १९८४ मध्ये उत्पादन बंद, मग जुन्या बाजारात मातीमोल. ती शिकागोच्या पोरांच्या हाती लागली आणि १९८७ साली ‘फ्यूचर’ नावाच्या चमूची ‘ॲसिड ट्रॅक्स’ आली. तिथून ॲसिड हाउस हा यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताचा प्रकार सुरू झाला म्हणतात. आपली तबकडी त्याआधी पाच वर्षांची. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा तिकडच्या कित्येकांना वाटलं, कोणीतरी आत्ताच वाजवून जुन्या नावावर खपवतंय! मग सत्तरी गाठलेले चरणजित युरोपात जाऊन तीच यंत्रं वाजवून आले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

म्हणून लोक त्यांना ॲसिड हाउसचे जनक म्हणतात, ते मला पटत नाही. शिकागोला कोणी ती ऐकलेली नव्हती. वारस नसलेल्याला बाप कशाला म्हणायचं? एका बासवाल्याने स्वतःच्या डोक्याने केलेली गोष्ट, एवढं मोठेपण पुरेसं आहे.

विकायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं घेऊन खाचांच्या दिशेने गोल पुसा, मधला कागद भिजू देऊ नका आणि आडवी रचून ठेवू नका. भाच्याला सांगा, एकदा पूर्ण ऐक, मग गिऱ्हाईक शोध.

जाता जाता : १९८५ च्या गणपतीत आम्हीही तबलजीला रजा देऊन भाड्याने तालाचं यंत्र आणलं होतं. तिसऱ्या गाण्याला वीज गेली. तबलजी पहिल्या रांगेत भेळ खात बसला होता. तो उठला नाही.

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत व्हायलीन वाजवायचे. कोणत्या गाण्यांत, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. कसं शोधावं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तबकडीवर शोधू नका, तिथे गायक, गीतकार, संगीतकार यांच्यापुढे जागा नसायची. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांवर मुंबईचा निम्मा व्हायलीन विभाग उभा होता. त्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरात गेलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली ते गाण्यात घातलं म्हणून. बाकीच्यांना असा शिष्य मिळाला नाही. आजोबांच्या डायऱ्या बघा. शिफ्टवर पैसे मिळायचे, त्यामुळे तारीख, स्टुडिओ आणि रक्कम बहुतेक जण टिपून ठेवत. मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशनकडेही विचारा. पेटीत जुने नोटेशनचे कागद असतील तर फेकू नका. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गाण्याचा मुखडा लिहिलेला असू शकतो. काही सापडलं तर फोटो पाठवा, मी वाजवून बघतो.