फरक सार्थक आला नाही, म्हणजे पीएचडी बुडाली?

शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांकडून एक वाक्य वारंवार कानावर येतं: ‘माझी परिकल्पना चुकली, आता प्रबंध कोण स्वीकारणार?’ बहुतेक जण नोकरी सांभाळून, कॉलेजची एनओसी घेऊन शिकत असतात. आकडे मनासारखे आले नाहीत की सगळी मेहनत पाण्यात गेली असं वाटतं. त्यातलंच एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

बीएडच्या छात्राध्यापकांना वर्गात मुक्त प्रश्न, म्हणजे एकच ठरलेलं उत्तर नसलेले प्रश्न, विचारता यावेत म्हणून एका प्राध्यापिकेने पीएचडीसाठी दहा तासिकांचा कार्यक्रम तयार केला होता. प्रायोगिक गटात २०, नियंत्रित गटात २०. सराव पाठात मुलांनी किती सविस्तर उत्तरं दिली, ते निरीक्षण तक्त्यावर मोजलं. दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही, म्हणजेच ‘सार्थक’ आहे, असं म्हणायला ०.०५ स्तरावर टी मूल्य लागतं साधारण २.०२; आलं १.२१. तेव्हापासून त्या मार्गदर्शकांचा फोन घेत नव्हत्या. आरएसीची, म्हणजे संशोधन सल्लागार समितीची, बैठक तोंडावर आली होती. तेव्हा त्या मला म्हणाल्या,

‘‘ताई, दोन पाठ वगळले तर फरक सार्थक येतो.’’

‘‘कोणते दोन?’’

‘‘जे... वाईट झाले.’’

यावर मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने विचारलं, ‘‘आहेत ते आकडे सरांना दाखवले तर?’’

‘‘म्हणतील, एवढंही जमलं नाही.’’

‘‘असं ते कधी म्हणालेत?’’

‘‘नाही. मीच म्हणते.’’

गाठ बहुधा इथेच असते. ‘फरक यायलाच हवा होता’ ही अट आपणच घातलेली असते, आणि त्या आकड्यापेक्षा ती जास्त छळते.

पुढच्या वेळी सारण्या नकोत, भरलेले तक्ते आणा, असं सांगितलं. त्या मोठ्याने शेरे वाचू लागल्या. ‘पाऊसच पडला नाही तर काय होईल, असं विचारलं. लगेच स्वतःच सांगितलं.’ दुसऱ्या तक्त्यावरही तसंच. तिसऱ्यावर त्या थबकल्या. ‘‘अहो, ही बीएडची मुलं प्रश्न विचारतायत, पण उत्तरासाठी थांबतच नाहीयेत!’’ आवाज एकदम बदलला. पाठावर शेरा देणाऱ्या बाई बोलू लागल्या. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावून वहीत उतरवून घेतलं असतं, इतकंच. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत हेच टिपलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात.

मात्र यावरून मूळ परिकल्पना बदलायची नाही आणि एकही पाठ गाळायचा नाही. शून्य परिकल्पना, म्हणजे ‘दोन गटांत फरक नाही’ हे गृहीतक, ‘सिद्ध झाली’ असं लिहू नये. ‘त्याग करता आला नाही’ असं लिहावं. २०-२० च्या गटात मध्यम फरकही निसटू शकतो, म्हणून परिणामाचा आकार, म्हणजे फरक किती मोठा आहे ते सांगणारं मापही द्यावं. थांबण्याबद्दलचं निरीक्षण वेगळ्या उपशीर्षकाखाली घ्यावं आणि ते विश्लेषणानंतर सुचलं हे उघड सांगावं. पुढील संशोधनासाठीच्या शिफारशी लिहिताना नेहमी रडतखडत पानं भरली जातात. इथे ती शिफारस आयती मिळते.

मार्गदर्शकांकडे प्रबंधाचं अख्खं प्रकरण नेऊ नये. एक पान पुरतं: मुख्य सारणी, तीन निरीक्षणं, दोन प्रश्न. लपून राहणं महागात पडतं, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार दर सत्रात आरएसीसमोर प्रगती मांडावी लागते. मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २, महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत, पण एकूण १०च्या वर नाही.

बाई ते एक पान घेऊन गेल्या. टी मूल्याबद्दल सरांनी फारसं काही विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न होता, ‘‘निरीक्षण एकट्या तुम्हीच केलंत का?’’ हा खरा कच्चा दुवा होता. बारा पाठांचं चित्रीकरण हाताशी होतं. कोणता पाठ कोणत्या गटाचा हे न सांगता ते दुसऱ्या निरीक्षकाला दाखवायचं आणि दोघांच्या नोंदी कितपत जुळतात ते आधी तपासायचं, असं ठरलं.