नागपूरच्या थंडीत गच्चीवर बसून पाइप ओढताना तो सारखा विझतो, गुडगुडतो आणि जीभ पोळते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पाइप ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या कठीण लाकडाचा आहे, उन्हाळ्यात नीट चालत होता आणि डिसेंबर लागल्यापासूनच त्रास सुरू झाला. मग पाइपमध्ये खोट नाही. थंडीत दोन गोष्टी होतात. धुरातल्या वाफेचं दांडीत पाणी होतं, आणि गारठ्यात आपण नकळत जोरजोरात ओढतो. तुमच्या तिन्ही तक्रारी या दोनांतून निघतात.

मला हे माझ्या मोठ्या काकांनी समजावलं. ते मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनांवर त्यांची हयात गेली. एकदा फुटाळा तलावावर माझा पाइप असाच गुडगुडायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "गार इंजिन हलवताना पहिले सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडतात बापू. वाफ गार लोखंडाले लागली का तिचं पाणी होते. ते बाहेर काढा लागते, नाही तर पिस्टन पाण्यावर आपटते. तुझ्या पाइपात तेच होऊन राहिलं."

अगदी तेच होतं. तंबाखूत मुळात ओल असते, शिवाय काहीही जळलं की थोडी वाफ तयार होतेच. मे महिन्यात ४४-४५ अंशांत दांडी इतकी तापलेली असते की बरीचशी वाफ धुराबरोबर निघून जाते. जानेवारीत रात्री आठ-नऊ अंश असले की तीच वाफ दांडीत थिजते, खाली उतरते आणि बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, तळाची तंबाखू भिजवते. ओली तंबाखू विझते, आपण ती पेटती ठेवायला आणखी जोरात ओढतो, वरचा निखारा भडकतो आणि जिभेवर गरम वाफ येते.

म्हणून सुरुवात घरातूनच करा. जायच्या अर्धा तास आधी पाइप स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. तंबाखू डब्यातून काढून कागदावर पसरा आणि उन्हाळ्यात ठेवता त्यापेक्षा थोडी जास्त वाळू द्या. चिमटीत दाबून सोडली की गोळा न होता सुटी झाली पाहिजे. पण पार कुरकुरीत होऊ देऊ नका, तशी तंबाखू भराभर जळते आणि तापते. भरताना तळाला हलका हात ठेवा, वर थोडं दाबा. पहिल्यांदा पेटवल्यावर तंबाखू फुगून वर येते, ती टॅम्परनं, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्यानं, सपाट करा आणि मग पुन्हा पेटवा. हे दुसरं पेटवणं थंडीत चुकवायचं नाही. पुष्कळ जण पहिल्या पेटवण्यावरच ओढत सुटतात आणि मग पाइप विझतो म्हणतात.

ड्रेन कॉकचं काम आपल्याकडे पाइप क्लीनर, म्हणजे धागे गुंडाळलेली बारीक लवचीक तार करते. थंडीत खिशात चार-पाच ठेवा. पाव बाउल झाला की एकदा, अर्धा झाला की दुसऱ्यांदा, तोंडाकडून क्लीनर सरकवून तळापर्यंत न्या, दहा सेकंद थांबा आणि काढा. तो तपकिरी आणि जड होऊन येतो. त्यानंतरचा पहिला झुरका किती कोरडा लागतो ते बघाच.

पण हे करताना पाइप उघडायचा नाही. यासाठी मी एक चांगला पाइप गमावता गमावता राहिलोय. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. त्या सकाळी मी अंबाझरीच्या बंधाऱ्यावर काकांनी दिलेला पाइप घेऊन गेलो होतो. वाकडी दांडी, क्लीनर आत जाईना, म्हणून मी गरम पाइपचा स्टेम, म्हणजे तोंडात धरायचा भाग, पिळून ओढला. चट्ट असा बारीक आवाज आला. लाकडाच्या नळीवर केसाएवढी चीर गेली होती. बाउल आतून तापलेला, बाहेरून गारठलेला, सांधा घट्ट बसलेला, आणि त्यात माझी घाई.

काका तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी पाइप हातात घेतला, चिरेवर नख फिरवलं आणि काही न बोलता जुन्या पेटीतून पितळी नळीचा तुकडा काढला. त्याचं बोटाच्या पेराहून अरुंद कडं कापलं, कानशीनं आतून घासत घासत ते नळीवर जेमतेम चढेना इतकं आणलं, मग थोडं तापवून सांडशीनं चढवलं. थंड झाल्यावर कड्यानं चीर आवळून धरली. बैलगाडीच्या चाकाला धाव अशीच तापवून चढवतात, आणि इंजिनाच्या चाकाचा पोलादी टायरही. तो पाइप मी आजही वापरतो. तेव्हा स्टेम काढायचा तो घरी आल्यावर, पाइप पूर्ण निवल्यावर, तासाभरानं. आणि गरम पाइप गच्चीच्या कठड्यावर ठोकून राख झाडू नका, टॅम्परच्या चमच्यानं खरवडून काढा.

आता ओढण्याच्या वेगाबद्दल, कारण जीभ पोळण्याचं मूळ तिथंच आहे. थंडीत आपला श्वासही पांढरा दिसतो, त्यामुळे धूर किती येतोय याचा डोळ्यांना अंदाज राहत नाही. शिवाय बोटं बधिर झालेली असतात, बाउल तापलाय हे हाताला उशिरा कळतं. मी बाउल गालाला लावून बघतो. गालाला धरवला नाही की पाइप खाली ठेवायचा, विझला तर विझू द्यायचा. विझलेला पाइप परत पेटवण्यात काहीच कमीपणा नाही. ऊब मिळावी म्हणून ओढत असाल तर तेही सोडा. हातातलं लाकूड गरम लागतं एवढंच खरं, बाकी निकोटिननं कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटं आणखी गार पडतात. उबेसाठी शेकोटी आणि मफलर.

हे मी एवढं सांगतोय कारण तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी मला आरशात माझा टाळू दाखवला. पांढरट झालेला, त्यावर लाल ठिपके. त्या म्हणाल्या, पाइप ओढणाऱ्यांत हे दिसतं, गरम धुराचा मारा थेट तिथं बसतो. मी चार महिने पाइपला हात लावला नाही आणि टाळू पूर्ववत झाला. पण धूर छातीत घेतला नाही तरी ओठाच्या, जिभेच्या, तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाइपनंही वाढतोच, हे त्यांनी तोंडावर सांगितलं आणि मी तुम्हाला तसंच सांगतो. आता माझा हिशेब आठवड्याला एक बाउल, तोही हिवाळ्यातच. तुमची जीभ दर वेळी पोळत असेल तर आधी महिनाभर थांबा आणि तोंड दाखवून या. दमा असेल तर गार हवा आणि धूर एकत्र घेऊच नका.

वाऱ्याचं सोपं आहे. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याकडची माणसं बिडी मुठीत झाकून ओढतात, तसा बाउलवर तळहाताचा आडोसा धरा, पण हवेला फट ठेवा. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा. गॅसचा लायटर गारठ्यात मंद चालतो, कारण ब्युटेनची वाफ शून्याच्या जरा खालीच व्हायला लागते आणि आठ अंशांत डबीतला दाब फारच कमी असतो. तोही आतल्या खिशात ठेवा. मी काडेपेटीच वापरतो, फक्त काडीचं गूल पूर्ण जळू देतो, मगच बाउलजवळ नेतो.

हिवाळ्यासाठी वेगळा पाइप घ्यायचा असेल तर लहान बाउलचा, सरळ दांडीचा घ्या. मक्याच्या बुरकुंडाचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचा, पाइप स्वस्त असतो आणि ओल छान शोषतो. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात ते १८६९ पासून बनतात. ब्रायर वापरत राहिलात तर आतला काजळीचा थर रुपयाच्या नाण्याएवढाच जाड ठेवा. जास्त झाला की तापल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि बाउल तडकतो.

बसस्टॉप, स्टेशन, स्टेडियम इथं ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, २०० रुपयांपर्यंत दंड होतो. गच्ची तुमची असली तरी शेजारच्यांच्या खिडक्या बघून बसा, थंडीत धूर खालीच रेंगाळतो.

ओढून झाल्यावर आत एक कोरडा क्लीनर रात्रभर ठेवा आणि तो पाइप निदान दोन दिवस वापरू नका. तुमच्या पाइपची दांडी सरळ आहे की वाकडी, आणि क्लीनर तळापर्यंत जातो का, एवढं खाली लिहा. जात नसेल तर तो पाइप फेब्रुवारी संपेपर्यंत कपाटात ठेवा.