मेथोट्रेक्सेट बंद करू नका काका, आधी पार्ट बी घ्या

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका काकांचं पत्र आलंय. वय ६७, ३१ मे २०२५ ला रिटायर झाले. आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमेटॉइड, नुसती गुडघ्याची झीज नाही. दर शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेटची गोळी आणि दर आठ आठवड्यांनी क्लिनिकात बसून इन्फ्लिक्सिमॅबचं सलाइन. ओळखीच्या एका एजंटानं सांगितलं की ही औषधं चालू असताना मेडिकेअर सप्लिमेंट कोणी देणार नाही. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेत ६५ नंतर मिळणारा सरकारी आरोग्य विमा, आणि सप्लिमेंट, म्हणजे मेडिगॅप, ही त्यानं न भरलेला वाटा भरणारी खासगी पॉलिसी. मग काकांनी बेत केला की १० जानेवारीला पुण्याला जायचं, चार महिने राहायचं, सलाइन पुढे ढकलायचं, मेथोट्रेक्सेट बंद ठेवायचं नाहीतर तिथल्या केमिस्टकडून घ्यायचं म्हणजे इथल्या रेकॉर्डवर येणार नाही, आणि परत आल्यावर अर्ज करायचा. नाहीच जमलं तर एजंट म्हणतो ती शून्य प्रीमियमची अॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीनं चालवलेला मेडिकेअरचा प्लॅन, घ्यायची, जोडीला अॅडमिट झालं की ठरलेली रोख रक्कम देणारी हॉस्पिटल कॅश पॉलिसी. शेवटी लिहिलंय, 'घाई नाही, पार्ट ए ६५ ला घेतलाय आणि कोब्रा पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे.'

काका, मला घाम फुटला तो या शेवटच्या वाक्यानं. औषधांचं नंतर बोलू.

तुम्ही फक्त पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरचा हॉस्पिटलात दाखल होण्याचा भाग, घेतलाय; पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि क्लिनिकाचा भाग, घेतलेलाच नाही. नोकरी चालू होती तोवर ते बरोबर होतं, कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स होता. पण कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा विमा, ही नोकरी नव्हे. कार्ड तेच, कंपनीचं नावही तेच, म्हणून सगळ्यांना वाटतं की पूर्वीचंच चालू आहे, पण मेडिकेअरच्या हिशेबात तुमचं नोकरीचं कव्हर ३१ मेला संपलं आणि तिथून पार्ट बी दंडाशिवाय घेण्याचं आठ महिन्यांचं घड्याळ सुरू झालं, ते ३१ जानेवारी २०२६ ला बंद पडतं. दुसरा दरवाजा म्हणजे दरवर्षीची १ जानेवारी ते ३१ मार्चची जनरल एनरोलमेंट, राहून गेलेल्यांसाठीची. तुम्ही तेव्हा पुण्यात. म्हणजे दोन्ही दरवाजे तुमच्या पाठीमागे बंद होणार आणि मे महिन्यात परत आलात की पार्ट बी थेट २०२७ मध्ये. कोब्रा नोव्हेंबरला संपणार, पुढचा अर्ज जानेवारीत, कव्हर फेब्रुवारीपासून. मधले दोन महिने सलाइनचं पूर्ण बिल खिशातून.

आणि दंड. पार्ट बीला उशीर झालेल्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे प्रीमियमवर १० टक्के, तेही आयुष्यभर. २०२६ चा प्रीमियम जवळपास २०३ डॉलर, म्हणजे महिन्याला वीसेक डॉलर, वीस वर्षांत पाच हजाराच्या आसपास. हे परवडेल एक वेळ. खरी भीती दुसरी आहे. ६५ नंतर कोब्रावर असलेल्या माणसाचं पहिलं बिल मेडिकेअरनं भरायचं असतं आणि कोब्रानं उरलेलं. तुम्ही पार्ट बी घेतला नाही तरी बरेच प्लॅन 'मेडिकेअरनं भरलं असतं' असं धरून आपला छोटा वाटाच देतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना आधी भरलेले क्लेम वर्षभरानं परत मागितल्याचं पत्र आलं होतं, किचन टेबलावर ती पानं पसरून आम्ही अख्खी दुपार बेरजा करत बसलो होतो. तुम्ही लिहिलंय की एका सलाइनचं मंजूर बिल ४,००० डॉलरच्या आसपास येतं, वर्षाला सहा-सात होतात, म्हणजे २६,००० डॉलर. एवढ्या रकमेवर कोब्राचा भरवसा ठेवून पुण्याला जाऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे. इथे बातमी चांगली आहे आणि त्या एजंटानं ती तुम्हाला सांगितली नाही याचा मला खरंच राग आलाय. मेडिगॅपचा सहा महिन्यांचा ओपन एनरोलमेंट काळ नुसत्या ६५ व्या वाढदिवसाला सुरू होत नाही, वय ६५ च्या पुढे आणि पार्ट बी चालू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात जुळतात तेव्हा सुरू होतो. तुमचा अजून सुरूच झालेला नाही! डिसेंबरात अर्ज केलात तर पार्ट बी १ जानेवारीपासून, आणि जानेवारी ते जून कुठलीही मेडिगॅप कंपनी तुम्हाला आमवातामुळे नाकारू शकत नाही, जास्त प्रीमियमही लावू शकत नाही. मेथोट्रेक्सेट घेताय, इन्फ्लिक्सिमॅब घेताय, काही फरक पडत नाही. लपवायचं कारणच उरत नाही.

ती खिडकी गेली की मग एजंटाचं म्हणणं खरं ठरतं. न्यू जर्सीत त्यानंतर कंपन्या तब्येत तपासतात, आणि हडसनच्या पलीकडे न्यू यॉर्कमध्ये मात्र वर्षभर कधीही घेता येतं. झिजेच्या संधिवातावर नॅप्रोक्सेन घेणाऱ्याला सहसा अडचण येत नाही, पण डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलेला असेल आणि ऑपरेशन व्हायचं असेल तर थांबवतात. मेथोट्रेक्सेट आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक औषधं मात्र बऱ्याच कंपन्यांच्या नकाराच्या यादीत असतात, कारण क्लिनिकातलं सलाइन पार्ट बी मध्ये येतं आणि उरलेले २० टक्के, तुमच्या बाबतीत वर्षाला ५,२०० डॉलर, मेडिगॅपच्या गळ्यात पडतात. कंपनी तुमची प्रिस्क्रिप्शनची हिस्टरी काढून बघते, आणि फॉर्मवर प्रश्न 'सध्या काय घेता' एवढाच नसतो, मागच्या काही वर्षांत कशावर उपचार झाले हेही विचारतात. चार महिने गोळी बंद ठेवून किंवा पुण्याच्या केमिस्टकडून घेऊन काही पुसलं जात नाही, आणि खोटं लिहिलं तर पॉलिसी नंतर रद्द होऊ शकते. आणि काका, तुम्हीच लिहिलंय की औषध सुरू झाल्यापासून शर्टाची बटणं स्वतः लावता. आमवातानं एकदा हाड खाल्लं की ते परत येत नाही. असल्या हिशेबासाठी बोटं पणाला लावू नका.

शून्य प्रीमियमच्या अॅडव्हान्टेजबद्दल एवढंच, की सलाइनला आधी मंजुरी घ्यावी लागू शकते, डॉक्टर नेटवर्कमधलाच लागतो आणि २०२६ मध्ये नेटवर्कमध्येसुद्धा खिशातून ९,२५० डॉलरपर्यंत जाऊ शकतात. हॉस्पिटल कॅश तर तुम्हाला कशालाच पुरणार नाही, तुमचा खर्च अॅडमिट न होता खुर्चीत बसून होतो. 'आधी घेऊन बघा, नंतर बदलू' हेही ऐकू नका, जून उलटला की औषधांची तपासणी लागते.

हिशेब बघा. कोब्रा तुमच्या एकट्याचा ९०० डॉलर. पार्ट बी २०३, मेडिगॅप प्लॅन जी साधारण १९०, पार्ट डी, म्हणजे गोळ्यांचा विमा, ५० धरा, म्हणजे साडेचारशेच्या आत. महिन्याला निम्मे पैसे वाचतात आणि पार्ट बीच्या कव्हर झालेल्या उपचारांत २०२६ चे पहिले २८३ डॉलर सोडले तर बाकी प्लॅन जी भरतो. नोकरीतलं उत्पन्न मोठं असेल तर पार्ट बीवर जादा आकार लागेल, त्यासाठी रिटायर झाल्याचं दाखवून एसएसए-४४ हा फॉर्म भरा. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या पार्ट डी मध्ये, तिथे आजारामुळे नकार नाही, आणि कव्हर असलेल्या औषधांवर २०२६ ला खिशातून जास्तीत जास्त २,१०० डॉलर.

एक काळजी घ्या. पार्ट बी आणि मेडिगॅप हातात येईपर्यंत तुमचा कोब्रा बंद करू नका. मध्ये ६३ दिवसांचा खंड पडला तर मेडिगॅप जुन्या आजाराला सहा महिने थांबायला लावू शकते. काकूंचा कोब्रा त्यांच्यापुरता चालू राहतो, त्याला हात लावायची गरज नाही.

या आठवड्यात दोन फॉर्म: सीएमएस-४०बी, म्हणजे पार्ट बीचा अर्ज, तुम्ही भरायचा, सीएमएस-एल५६४, म्हणजे नोकरीच्या विम्याचा दाखला, त्यावर जुन्या कंपनीच्या एचआरची सही घ्यायची आणि दोन्ही सोशल सिक्युरिटी ऑफिसात द्यायचे, पोच जपून ठेवा. डिसेंबरात एचआर सुट्टीवर असतं, म्हणून उद्याच फोन करा. सही मिळायला उशीर झाला तर पुण्याचं तिकीट पुढे ढकला, शनिवारची गोळी मात्र ढकलू नका.