डिकीतल्या 12 इंची सबवूफरला 8 इंचीची जोड दिली तर चालेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: डिकीत पोर्टवाल्या (हवा जायला नळी किंवा भोक असलेल्या) बॉक्समध्ये 12 इंची सबवूफर, म्हणजे खोल बेसचा स्पीकर, 4 ओहम (विजेला होणारा अडथळा), 400 वॅट आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद. मामेभावाकडून मिळणारा 8 इंची सीलबंद (भोक नसलेल्या) बॉक्सातला, तोही 4 ओहम, पण 150 वॅटचा. मोनो अ‍ॅम्प (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर) 2 ओहमवर 500 वॅट देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा फिटर म्हणतो, "ओहम सेम आहेत, बिनधास्त जोडा." माझं मत विचाराल तर जोडू नका.

आधी वॅटचं बघा. पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले की लोड 2 ओहम होतो आणि 500 वॅट निम्मे-निम्मे वाटले जातात, प्रत्येकी 250. लहानाची कॉइल जळणार आणि मोठा अर्धपोटी राहणार. अ‍ॅम्पला गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं, बटण एकच, त्यामुळे लहानाला वाचवायला गेन उतरवलात की मोठ्याचाही आवाज बसतो.

वेगळा अ‍ॅम्प घेऊन हा प्रश्न सुटेल, पण खरी अडचण फेजची, म्हणजे दोन्ही स्पीकर एकाच वेळी एकाच दिशेने ढकलतात का याची, आहे आणि तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. पोर्टवाल्या बॉक्सची एक ट्यूनिंग फ्रीक्वेन्सी असते, म्हणजे ज्या स्वराला पोर्ट सर्वात जोरात काम करतो ती, साधारण 32 ते 38 हर्ट्झच्या आसपास. त्याच्या बऱ्याच वर, म्हणजे 70-80 हर्ट्झला, दोन्ही बॉक्स बऱ्यापैकी एकत्र ढकलतात. खाली येत गेलात की पोर्टवाल्याची फेज सीलबंदपेक्षा जास्त वेगाने फिरते, आणि ट्यूनिंगच्या खाली दोघं जवळजवळ उलटे होतात. एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. लहानाचे प्लस-मायनस उलटे केले तर खालचं जुळेल, वरचं बिघडेल. म्हणून सरळ जोडणीत ढोलाचा ठोका कडक वाजतो आणि त्यामागची खोल घूम मात्र गायब होते. लोकांना वाटतं अ‍ॅम्प कमी पडतोय.

तुमच्या बॉक्सचं ट्यूनिंग घरीच काढता येतं. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, आवाज हळू ठेवा आणि 50 हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. एका जागी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जवळजवळ थांबलेला दिसेल आणि पोर्टसमोर धरलेल्या हाताला मात्र वारा जोरात लागेल. तेच ट्यूनिंग. त्याच्या खाली गेलात की कोन सैरभैर हलायला लागतो, तिथे लगेच थांबा. अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर कापणारा) असेल तर तो ट्यूनिंगच्या जरासा खाली लावा.

पैसे घालायचेच असतील तर ह्याच मॉडेलचा दुसरा 12 इंची घ्या, तेवढ्याच मापाच्या, त्याच ट्यूनिंगच्या बॉक्समध्ये. तुमचा अ‍ॅम्प 2 ओहमवर दोघांना 250-250 देईल, ते त्यांना सहज झेपतं, आणि 3 डेसिबलहून जास्त फरक पडेल. डिकी भरेल, हे खरं. शिवाय बॉक्स एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) असेल तर खाली रबरी पाय लावा, पावसाळ्यात डिकीच्या कार्पेटखाली ओल धरते आणि एमडीएफ फुगतं.

त्याआधी एक फुकटचं काम करा. अ‍ॅम्पवरचं फेज बटण 0 आणि 180 असं बदलून, ड्रायव्हर सीटवर बसून, दारातल्या स्पीकरसोबत 80 हर्ट्झचा टोन ऐका. ज्या बाजूला बेस भरीव लागतो तिथे ठेवा. एवढ्यानेच तुमचं काम भागू शकतं. ट्यूनिंगचा आकडा आणि अ‍ॅम्पवर कोणते फिल्टर आहेत ते इथे लिहा, सेटिंग मी सांगतो.