डाएट चालू असताना चिवडा खाल्ला की दोन-दोन दिवस अपराधी वाटतं आणि डोक्यात सतत खाणंच असतं. यातून बाहेर कसं पडायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी मूठभर चिवडा खाल्ला म्हणून रात्री जेवला नाहीत आणि अकरा वाजता उठून अख्खी पुडी संपवलीत. तुम्ही म्हणता, जिभेवर ताबा नाही. मला विचाराल तर जेवण सोडलंत तेव्हाच त्या पुडीची सोय झाली होती.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. रोज साधारण १,६०० कॅलरी. हळूहळू त्यांचं सगळं बोलणं खाण्यावर येऊन ठेपलं. ताटं चाटून पुसून साफ, कुणी चक्क पाककृतींची पुस्तकं जमवायला लागला. हे तरुण काही मुळातले खादाड नव्हते. ते तुमच्याहून उंचेपुरे होते आणि त्यांना आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावत, हे मान्य. पण तुमचा चार्ट १,२०० चा आहे! दिवसभर खाणं आठवणारच.

राहिला अपराधीपणा. १९७५ मधल्या एका प्रयोगात मुलींना आधी मिल्कशेक पाजून मग चव बघायला म्हणून आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी पोटभर खाणाऱ्या मुलींनी आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्यांचं उलटंच झालं, मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी जास्त हाणलं. 'आज मोडलंच आहे, आता सोमवारपासून कडक', हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

आपल्याकडे तर याची गंमतच. आषाढीला तेलातून काढलेले साबुदाणा वडे, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस, आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणत घरदार हसत जेवतं. रात्री कुणी वजनकाट्यावर चढून रडत नाही. तोच वडा साध्या मंगळवारी बाजारात खाल्ला की पाप लागतं. तेल तेच, दाणे तेच.

मी काय करते ते सांगते. दुपारी दोन पोळ्या, उसळ, वरण-भात असं नीट जेवते, कारण दुपारी हात आखडला की संध्याकाळी तो डब्यात जातोच. साडेचारला चहाबरोबर चिवडा. कोंडाजीचा घरात असतोच, नाशिकमध्ये राहून नसेल कसा! पण वाटीत काढून, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू पिळून, खुर्चीत बसून. ओट्याशी उभं राहून, झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून डबा पोटाशी धरून मारलेल्या बकाण्याची चवच लागत नाही. भीतीच जास्त. डबा वरच्या फळीवर लपवू नका, समोर ठेवा. सुरुवातीचे काही दिवस जास्त खाल्लं जाईल. जाऊ दे. रोज मिळणार आहे हे एकदा पटलं की वाटीत थोडा उरायलाही लागतो.

रविवारी मिसळ खायला गेलात तर पाव मोजत बसू नका. कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला जाता ना? ते चालणं सोडू नका, फक्त चिवड्याचा दंड म्हणून जादा फेऱ्या मारू नका. वजनकाटा माळ्यावर टाकला तरी चालेल.

याने वजन उतरेल का? ते मी सांगणार नाही, तुमचा प्रश्नही तो नव्हता. शुगर किंवा थायरॉइड असेल तर काय खायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढत असाल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल किंवा पाळी थांबली असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ऑफिसातल्या मैत्रिणी डब्यात डोकावून 'अगं, भात?' म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्याकडेही म्हणायच्या. मी 'हो, भात. लोणचं दे जरा' म्हणते. पुढे कुणी काही बोलत नाही, लोणचं मात्र मिळतं.